आत घेतलेली गॅलरी

आमच्या कोथरूडच्या घरात झोपायच्या खोलीला ओल होती, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, घराला तसा वासच असतो. मैत्रिणींच्या घरी तो वास यायचा नाही, तेव्हा मला त्यांचीच घरं परकी वाटायची. आता बिबवेवाडीत माझं स्वतःचं घर आहे, भिंती ठणठणीत कोरड्या. तरी कुठल्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यात ओल नाकात शिरली की माझे पाय आपोआप थांबतात. दहावीचं वर्ष आठवतं, गरम दुधाचा पेला आठवतो, बाबा आठवतात. लोकांना मोगऱ्याचं वेड असतं, मला बुरशीचं! असते एकेकाची तऱ्हा.

त्या ओलीचा उगम माझ्या दहावीत आहे. म्हणजे मी काही केलं नाही, मी फक्त नववी पास झाले. पण पुण्यात मूल दहावीत गेलं की घरात काहीतरी पाडापाडी होतेच. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या गॅलऱ्या ओळीने 'आत' घेतल्या जात होत्या. गॅलरी बंद केली असं कोणी म्हणायचं नाही, आत घेतली म्हणायचे, जसं काही ती बिचारी बाहेर कुडकुडत होती. कुणी त्यात वॉशिंग मशीन ठेवलं, कुणी सासूबाईंना ठेवलं. बाबांनी मला ठेवायचं ठरवलं.

मे महिन्यात गवंडी आले. कठड्याच्या जागी कमरेएवढी भिंत उभी राहिली, तिच्यावर सरकत्या काचा बसल्या. गॅलरीची जमीन खोलीपेक्षा खाली होती आणि बाहेरच्या बाजूला उतरती होती. ती विटांच्या तुकड्यांची भर घालून वर उचलली, वरून नव्या लाद्या बसवल्या. कोपऱ्यात पाणी बाहेर जायचं एक भोक होतं, ते सिमेंटने बुजवून टाकलं. "अभ्यासाच्या खोलीला कशाला हवी मोरी?" बाबा म्हणाले. ते आम्हाला सगळ्यांना पटलं. शेवटी माझं टेबल आत ठेवलं, आणि बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस, बसून बघ." मी बसले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला त्या क्षणी बोर्डात यावंसं वाटलं. पुढे आले नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या आधी ती गॅलरी आईची होती. दुपारचा चहा झाला की ती तिथे पाट टाकून बसायची, मांडीवर ताट, ताटात मेथी नाहीतर गवार. आमच्या बरोबर डोक्यावरच्या गॅलरीत वरच्या काकू. आई आणि काकू एकमेकींना 'वहिनी' म्हणायच्या, आणि त्यांच्या गप्पा दोन मजल्यांमधून चालायच्या. एकीचं तोंड वर, एकीचं खाली. काकूंचा आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. "वहिनी, तुमची आमटी आज वरपर्यंत आली हो वासाने. मीठ मात्र खालीच राहिलेलं दिसतंय," असं त्या वासावरून सांगायच्या. आई खाली बसून हसायची.

काकूंच्या गॅलरीत एका पिंपात कढीपत्ता होता, चांगला पुरुषभर वाढलेला. आमच्याकडे पोह्यांची तयारी दिसली की वरून सुतळीला बांधलेली पिशवी खाली यायची. जाड कापडाची, निळ्या पट्ट्यांची, काकूंनी स्वतः शिवलेली. तिच्यात कढीपत्त्याचे दोन डहाळे. आई ते काढून घ्यायची आणि रिकामी पिशवी कधीच वर पाठवायची नाही. लिंबू, चार बोरं, साखरेची पुडी, काहीतरी घालायचीच. ती पिशवी डुलत डुलत वर जाताना बघायला मला फार आवडायचं.

काचा बसल्यावर पिशवी काचेवर आपटायला लागली. आधी आधी मी उठून काच सरकवायची. मग माझं टेबल काचेला टेकलं, टेबलावर पुस्तकांचा ढीग लागला, आणि काच जी बंद झाली ती झालीच. एकदा पिशवी बराच वेळ काचेवर टकटक करून परत वर गेली. आई स्वयंपाकघरात होती. मी सांगितल्यावर ती "जाऊ दे, तुझा अभ्यास होऊ दे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकूंनी तीच पिशवी दारात आणून आईच्या हातात दिली, ती मग वर परत गेलीच नाही. जिन्यात भेटल्यावर काकू बाबांना म्हणाल्या, "छान झाली खोली. आता आम्ही खाली बघायचं बंद केलं, बघायला काही राहिलंच नाही." बाबांना त्यातला टोमणा कळला. बाबांना टोमणे लगेच कळायचे, बाकीचं कळायला वेळ लागायचा.

पुढच्याच पावसाळ्यात झोपायच्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या खोलीकडे जाणाऱ्या दाराच्या शेजारी, एक डाग उमटला. लहानसा, चहा सांडल्यासारखा. बाबांनी उन्हाळ्यात तो खरवडला आणि वरून डिस्टेंपर मारला. डाग परत आला आणि येताना भाऊबंद घेऊन आला. तिथून पुढे दर मे महिना आमच्याकडे भिंतीचा सण असायचा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, बाबा डोक्याला रुमाल बांधून पत्र्याने पोपडे काढताहेत, मी बादली धरून उभी. पुट्टी झाली, लांबी भरून झाली. मग कुणीतरी सांगितलं ऑइल पेंट मारा, पाणी बाहेर येणारच नाही. आलं नाही! आतल्या आत साठलं आणि रंगाला फुगे आले. ते फुगे बोटाने दाबून फोडण्यात जे सुख होतं, ते मला नंतर कशात मिळालं नाही. आई ओरडायची, मी फोडायची, आणि आतून पांढरी भुकटी सांडायची.

मग प्लायवूड झालं. प्लायवूडच्या मागे ओल सुखाने नांदली आणि वर्षाच्या आत प्लायवूडच वाकलं. मग भिंतीला लाद्या. लाद्यांवर पाणी दिसेना म्हणून बाबा खूश झाले, तर ते लाद्यांच्या वरून डोकं काढून आलं. शेवटी भिंतीपुढे कपाट सरकवलं. दिसत नाही म्हणजे नाही. कपाटातल्या साड्यांना वास लागला, तेव्हा आईने त्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. लग्नकार्यात आम्ही मायलेकी जायचो ते कुबट आणि डांबरी, दोन्ही वास लेऊन.

या सगळ्यात बाबांची एक गोष्ट पहिल्यापासून पक्की होती. पाणी वरून येतंय. कुठून? काकूंच्या कुंड्यांमधून. सगळ्या बिल्डिंगमध्ये तेवढी एकच गॅलरी उघडी होती, तिच्यात कुंड्या होत्या, कुंड्यांना त्या रोज पाणी घालायच्या. आणखी काय पुरावा हवा? बाबांनी विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेला. आमच्या सोसायटीची मीटिंग म्हणजे काय सांगू! शुद्ध मराठीत, 'आपण' 'आपण' करत, एकमेकांची सालं काढायची. "आपल्या बागकामाबद्दल आम्हाला आदर आहे, फक्त ती बाग आमच्या पलंगावर उगवू नये," असं बाबा म्हणाले आणि लोक हसले. काकू हसल्या नाहीत. पण सभेने ठरवलं म्हटल्यावर त्यांनी केलं. सगळ्या कुंड्या हलवल्या, गॅलरीची जमीन उखडून पुन्हा करून घेतली. कढीपत्ता पिंपातून काढून खाली कुंपणाशी लावला. तो लावताना काकू स्वतः खाली उभ्या होत्या, आणि आई आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती खाली गेली नाही.

पाऊस आला आणि भिंत पहिल्यासारखीच भिजली. बाबा म्हणाले, "काम नीट केलं नाही त्यांनी." हे जिन्यात म्हणाले, आणि काकूंच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून काकू आमच्याशी बोलेनाशा झाल्या. आईशीसुद्धा. आणि आईनेही नवऱ्याची बाजू सोडली नाही. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीला चिकटायची आणि दुसरी कठड्याला. एका बिल्डिंगमध्ये राहून दोन बायका म्हाताऱ्या झाल्या, आणि एकमेकींना फक्त पावलांच्या आवाजावरून ओळखत राहिल्या. याचं मला आजही फार वाईट वाटतं. त्या भिंतीने खाल्लेल्या गोष्टींत ही सगळ्यात महागाची.

मग माझं लग्न झालं, मी बिबवेवाडीला गेले. बाबा गेले. आई एकटी राहिली, त्याच खोलीत, त्याच कपाटाशेजारच्या पलंगावर. परवा-परवाच्या एका पावसाळ्यात तिला खोकला लागला, तो दिवाळी झाली तरी जाईना. बोलताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला, आणि मग घराबद्दल विचारलं. खोलीत ओल आहे का? बुरशी? मी आईकडे बघितलं. आई पंख्याकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "त्या खोलीत यांनी राहायचं नाही. औषधं मी कितीही दिली तरी रोज श्वासातून तेच आत जाणार."

मी रिक्षात बसल्या बसल्या निकाल लावला. "तू माझ्याकडे यायचंस. कायमचं."

"मी कुठेही येणार नाही."

"आई, इथे राहिलीस तर मरशील!"

"मग माझ्या घरात मरेन. तुझ्या घरात कशाला उगाच?"

असं बोलणारी बाई. मी चिडले, रडले, दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. "भिंत दुरुस्त कर," ती म्हणाली. "शेवटचं. पुढचा पाऊस होऊन जाऊ दे. भिंत ओली झाली, तर मी पिशवी भरून तुझ्याकडे येते, एक शब्द बोलणार नाही. कोरडी राहिली, तर तू बोलायचं नाहीस." मी हो म्हटलं. भिंत कोरडी राहणार नाही याची मला खात्री होती. इतक्या वर्षांत राहिली नव्हती, आता काय राहणार!

खोली रिकामी करायला घेतली. कपाट सरकवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भिंत मी आख्खी, वरपासून खालपर्यंत बघितली. कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांखाली, एक कापडाची पिशवी निघाली. निळ्या पट्ट्या ओळखू येत होत्या, बाकी काळे ठिपके. मी चिमटीत धरून उचलली तर मधोमध फाटली. आईने माझ्या हातातून काढून घेतली, घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना. "टाकून दे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पुन्हा भिंतीकडे वळले. आणि तिथेच मला ते दिसलं. वर, छताशी, भिंत पांढरीशुभ्र. छत कोरडं ठाक. ओल होती ती खालच्या लाद्यांच्या सांध्यांपासून माझ्या छातीपर्यंत, आणि वर जाता जाता फिकट होत गेलेली. पाणी वरून येत असेल तर ते वर दिसायला नको? अहो, साधी गोष्ट! आमचं सगळं घर इतकी वर्षं वरच्यांशी भांडलं आणि वर बघायचं तेवढं राहिलं. मी दार उघडून माझ्या जुन्या अभ्यासाच्या खोलीत गेले. टेबल बाजूला ओढलं. त्याच्याखालची लादी पायाखाली हलली आणि सांध्यातून पाणी वर आलं. पचक! दिवाळी होऊन गेली होती, बाहेर ऊन होतं, आणि माझ्या दहावीच्या खोलीच्या पोटात पावसाळा होता.

काचांच्या फटीतून झड आत येत होती, लाद्यांखालच्या भरीत मुरत होती, आणि बाहेर जायचं भोक आम्हीच बुजवलेलं. मग पाण्याने जायचं कुठे? ते भिंतीत चढत होतं. ते आमचंच पाणी होतं.

मी आईला बोलावून दाखवलं. ती दारात उभी राहून त्या लादीकडे बघत राहिली. मला वाटलं, बाबांबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "किती हौसेने केली होती रे देवा ह्यांनी." आणि पदर डोळ्यांना लावला. मग बऱ्याच वेळाने, "पाड सगळी."

मार्चमध्ये काम सुरू केलं. काचा उतरवल्या, कमरेएवढी भिंत पाडली, लाद्या आणि भर उचलून खाली पाठवली. ती भर हाताला गार लागत होती. बुजवलेलं भोक फोडून मोकळं केलं, त्यात मोठा पाइप घातला. जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पाणी अडवणारा लेप दिला, जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा गोलाई देऊन घट्ट केला, दाराला उंच उंबरा केला. मग पाइपाला बोळा लावून गॅलरीत तळं केलं आणि पाणी कुठे मुरतंय का ते बघितलं. आतली भिंत ओलीच्या बरीच वरपर्यंत खरवडून विटा उघड्या केल्या आणि तशाच ठेवल्या. मला प्लास्टरची घाई झाली होती. या वेळी आईच म्हणाली, "वाळू दे तिला. आपण तिला कधी वाळू दिलंच नाही, नुसतं झाकलं." अख्खा उन्हाळा तिच्यापुढे पंखा लावून ठेवला. आई तेवढे दिवस हॉलमध्ये झोपली.

काचा निघाल्या त्याच दिवसाची गोष्ट. हातोड्याचे घाव थांबले, कामाची माणसं जेवायला गेली, आणि वरून खणखणीत आवाज आला, "काय पाडताय?" प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता. आई हॉलमधून उठली. धापा टाकत, पडलेल्या विटांवरून पाय टाकत ती उघड्या गॅलरीत गेली. मी तिचा दंड धरला, कठडा अजून नव्हता. तिने मान वर केली. वर काकूंचं तोंड, केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, "वहिनी, पाणी आमचंच होतं."

काकूंनी चष्मा वर सारला. आत निघून गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. आई तशीच मान वर करून उभी राहिली, आणि मला काकूंचा असा राग आला म्हणता! नंतर वाटलं, रागावण्याचा हक्क त्यांचा होता, माझा कुठे होता? आईला म्हटलं, चल, बस आत.

पाऊस आला. जुलैत नुसती झोड उठली. खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठचे रस्ते बंद झाले, आणि मी रोज ऑफिसमधून आईला फोन करून विचारायची, "भिंत?" ती सांगायची, "आहे जागेवर." शनिवारी जाऊन मी स्वतः विटांवर तळहात ठेवायची. कोरड्या. खालची ओळ, कोपरा, दाराची चौकट, सगळीकडे हात फिरवला. कोरडं. खरं सांगते, मी त्या भिंतीपाशी उभी राहून रडले. आनंदाने म्हणावं तर बिबवेवाडीतली तिची खोली मी आवरून ठेवली होती, नवी चादर घातली होती. आईने जिंकलं होतं. मी कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलले नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी पाऊस थांबून ऊन पडलं. आईने गॅलरीत पाट टाकला. आता तिला खाली बसवत नाही, म्हणून पाटावर पाय आणि बसायला खुर्ची. मांडीवर ताट, ताटात गवार. खोकला कमी झाला होता, पण गेला नव्हता. मी आत पोह्यांसाठी कांदा चिरत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं." एवढंच.

मी बाहेर आले. वरून सुतळीला बांधलेली एक पिशवी खाली येत होती. हळूहळू, धक्के खात. आईने दोन्ही हातांनी ती धरली. आत कढीपत्त्याचे दोन डहाळे, ओले, नुकतेच तोडलेले.

वर तर आता एकही कुंडी नव्हती. म्हणजे या बाई लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये गुडघे धरून तळापर्यंत उतरल्या, कुंपणाशी जाऊन कढीपत्ता तोडला, आमच्या दारावरून पुन्हा वर चढल्या, आणि तो गॅलरीतून खाली सोडला. बेल वाजवून हातात देता आला असता! नाही दिला.

आई डहाळे मांडीवर घेऊन बसली. वर बघायचं धाडस तिला होईना. वरूनच आवाज आला.

"पिशवी परत पाठवा, वहिनी. मागची अजून आलेली नाही."

आई हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता डोळे पुसले, आणि मान वर करून म्हणाली, "ती ओलीने गेली हो."

सुतळी तशीच लोंबत होती.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग ही तरी द्या. आणि रिकामी देऊ नका."